प्रबंधात न चालणारा कायदा

आमच्या कॉलेजात गुन्हेशास्त्राची पदवी चार वर्षांची आहे, आणि त्यातली तीन बुटांना पॉलिश करण्यात जातात. उरलेल्या वेळात आम्ही सलाम ठोकतो. जिन्यात कुणी सर दिसले की भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहायचं आणि "सर, गुड मॉर्निंग, सर!" असं ओरडायचं, ते इतक्या जोरात की खालच्या मजल्यावरच्या नर्सिंगच्या मुली दचकल्या पाहिजेत. केस जाळीत, शर्ट खोचलेला, पट्ट्याचं बक्कल लखलखीत. एवढं जमलं की आम्हाला न्यायव्यवस्था कळली असं सगळे धरून चालतात.

चौथ्या वर्षी मात्र प्रबंध लिहावा लागतो आणि तिथे घोडं अडतं, कारण प्रबंधासाठी वाचावं लागतं.

प्रबंध दोघांत एक असतो. आमच्या जोडीतली लिहिणारी मी, रिझालिन दुमलाओ. आर्विन तोलेंतिनो हा जेवण सांभाळणारा. हसू नका, जेवण ही आमच्याकडे साधी बाब नाही. तोंडी परीक्षेला येणाऱ्या परीक्षकांना विद्यार्थ्यांनी खाऊ घालायचं अशी रीत आहे. सक्ती नाही, असं सूचनाफलकावर दरवर्षी लिहिलेलं असतं. गेल्या वर्षी एका जोडीने तो फलक खरा मानून नुसती बिस्किटं ठेवली. ती जोडी यंदा पुन्हा प्रबंध लिहितेय.

"तू पानं भर, मी पोटं भरतो," असं आर्विनने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा त्याचा अभ्यास जास्त पक्का होता. डीनना बकऱ्याचं मांस आवडतं आणि ग्रंथपालबाईंना गोड चालत नाही, हे त्याला पाठ होतं.

विषय मी निवडला होता: आमच्या गावच्या तुरुंगातले आरोपी निकाल लागण्याआधी किती काळ आत काढतात आणि का. निवडण्याचं कारण तुरुंगातच होतं. माझा मोठा भाऊ, मानोंग विल्मर, शेजाऱ्याचा झुंजीचा कोंबडा चोरल्याच्या आरोपावरून वर्षाहून जास्त काळ आत होता. कोंबड्याचा निकाल अटकेनंतरच्याच रविवारी रिंगणात लागला, बिचारा पहिल्याच फेरीत मेला. मानोंगचा खटला मात्र अजून उभासुद्धा राहिला नव्हता. जामिनाएवढे पैसे आमच्या आईने, नानांगने, जन्मात एका जागी पाहिलेले नाहीत. आणि दर तारखेला कोर्टातून एकच उत्तर यायचं: फिस्कल इतर सरकारी कामात आहेत, पुढची तारीख. फिस्कल म्हणजे सरकारी वकील. ते नसले की न्यायाधीशही हात वर करतात.

आमचे डीन, कर्नल विदाद, पोलिसातून निवृत्त झालेत, पण पोलीस त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. विषय ऐकून ते म्हणाले, "चांगला आहे. पण आधार कुठेत? दहा परदेशी, दहा देशी. पाच वर्षांपेक्षा जुना एकही नको. प्रत्येकावर ग्रंथपालांचा शिक्का."

"सर, मी तुरुंगात जाऊन तिथल्या माणसांनाच विचारणार आहे, सर."

"विचार की. पण कैदी म्हणजे आधार नव्हे. आधार म्हणजे छापील."

म्हणून मी चार वर्षांत पहिल्यांदा ग्रंथालयात गेले. दाराशी चपला, पिशवी आणि ओळखपत्र काढून ठेवायचं. तुरुंगात भावाला भेटायला जाते तेव्हाही हेच काढून ठेवते, फक्त तिथे शिपाई हसून बोलतो. इथे मॅम परपेतुआ बसायच्या. वीस वर्षं ग्रंथपाल, आणि पुस्तकांना हात लावणाऱ्या माणसाविषयी त्यांचं मत काही चांगलं नव्हतं.

"काय हवंय?"

"मॅम, गुन्हेगारी न्यायावरची पुस्तकं."

त्यांनी काचेच्या कपाटाकडे बोट केलं. आत नवीकोरी पुस्तकं होती, एकेकाला प्लास्टिकचं वेष्टण, आणि कपाटाला कुलूप.

"उघडता का, मॅम?"

"ती समितीसाठी आहेत."

दर काही वर्षांनी मनिलाहून तपासणी समिती येते आणि ग्रंथालयाला गुण देते. पुस्तकं नवी असली की गुण जास्त. वापरली की पुस्तकं जुनी दिसतात. तेव्हा मॅमचा हिशोब बिनचूक होता: गुण हवे असतील तर पुस्तकं विद्यार्थ्यांपासून चार हात लांब ठेवली पाहिजेत.

"मग आम्ही काय वाचायचं?"

"पाठीवरची नावं वाचता येतात ना? तेवढी लिहून घे. शिक्का देते."

मी लिहून घेतली. परदेशी आधार असे दहा मिनिटांत झाले. अमेरिकेतल्या आमच्या गावकऱ्यांनी देणगीत पाठवलेली पुस्तकं होती ती. एक ओहायो राज्यातल्या शेरीफच्या निवडणुकीवर, एक बर्फात बुटांचे ठसे कसे जपावेत यावर. आमच्या गावात बर्फ फक्त मासळीबाजारात असतो. मी दोन्ही नावं प्रबंधात घातली आणि कुणीही भुवई उचलली नाही.

देशी आधारांसाठी जुने प्रबंध होते. ते बसून वाचायला मिळतात, पण फोटो काढायचा नाही, झेरॉक्स करायची नाही. मी एक उघडला. त्यात वाक्य होतं, तुरुंगातली गर्दी ही अत्यंत चिंतेची बाब आहे, आणि पुढे आदल्या वर्षीच्या प्रबंधाचं नाव. आदल्या वर्षीच्या प्रबंधात तेच वाक्य होतं आणि त्याच्याही आदल्या वर्षीचं नाव. मला हट्ट चढला. मी एकेक करत मागे गेले, शेवटच्या फडताळापर्यंत. सगळ्यांत जुन्या प्रबंधात तेच वाक्य होतं आणि पुढे लिहिलं होतं, "एका तज्ज्ञाच्या मते." तो तज्ज्ञ कोण, हे विचारायची गरज आमच्या कॉलेजात कुणालाच पडली नव्हती. आमच्या गावातली गर्दी तर रस्त्यापलीकडे होती. ग्रंथालयाच्या खिडकीतून तुरुंगाच्या तारेवर वाळत घातलेले पिवळे शर्ट दिसायचे.

शनिवारी मी मानोंगला भात आणि तळलेले मासे घेऊन गेले.

"काय गं आदिंग, झालीस का पोलीस?" धाकट्या भावंडाला आमच्याकडे आदिंग म्हणतात, मग ते पोलीस होवो की चोर.

"आधी पास तर होऊ दे. तू सांग, तारखेला काय झालं?"

"तेच. फिस्कलला काम. मी म्हटलं, मलाही आहे काम, मी पण येत नाही उद्यापासून." तो हसला, पण पूर्वीसारखं नाही. गळ्याची हाडं वर आली होती. "हा बेनी बघ. सायकल उचलली म्हणून आहे. माझ्याही आधीपासून. याला तर तारीख पडली की नाही हेही कुणी सांगत नाही."

बेनी त्याच्या शेजारी बसला होता, तोंडात दात कमी आणि बोलणं त्याहून कमी. मी त्याला विचारलं, आणि त्याच्यापलीकडच्याला, आणि त्याच्याही पलीकडच्याला. का थांबलात, म्हटलं. जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एक: फिस्कल आले नाहीत. मी ते लिहून घेतलं. घरी येताना मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कारण चार वर्षं मी जी न्यायव्यवस्था शिकत होते ती माझ्या भावाबद्दल मला एक अक्षर सांगू शकत नव्हती.

पुढच्या आठवड्यात समिती येणार म्हणून कॉलेजभर साफसफाई निघाली. अशा कामाला गुन्हेशास्त्राची मुलं धरतात, आम्हाला "येस, सर" म्हणायची सवय असते म्हणून. मॅम परपेतुआंनी मला बादली आणायला संडासामागच्या अडगळीच्या खोलीत पाठवलं. बादली कुठे दिसेना. खोली पुस्तकांनी भरलेली होती. समितीला जुनं दिसू नये म्हणून ग्रंथालयाने काढून टाकलेली सगळी पुस्तकं तिथे भिंतीला रचली होती, ओल लागलेली, पण वेष्टण नाही आणि कुलूप नाही. मी पहिल्यांदाच आमच्या ग्रंथालयातलं एक पुस्तक उघडलं.

दंडसंहिता होती, टिपांसकट, दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती. चोरीचं प्रकरण मी मुद्दाम शोधलं. तक्रारीत लिहिलेल्या किमतीच्या कोंबड्याला किती शिक्षा, ते पाहिलं. जास्तीत जास्त सहा महिने. मी पुन्हा वाचलं. मग टिपेवरून मागे गेले आणि आणखी एक कलम सापडलं. साध्या भाषेत ते असं होतं: खटला संपायच्या आतच आरोपीने, गुन्हा सिद्ध झाल्यावर जास्तीत जास्त जेवढी शिक्षा होऊ शकते तेवढा काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला ताबडतोब सोडावं.

ताबडतोब. मी उकिडवी बसले होते ती तशीच खाली बसले.

पुस्तक घेऊन मी धावतच मॅमकडे गेले. "मॅम, यावर शिक्का द्या."

त्यांनी यादी पाहिली. "हे पुस्तक ग्रंथालयात नाही."

"मॅम, माझ्या हातात आहे."

"हातात असेल. यादीत नाही. आणि बादली कुठाय?"

कर्नलसाहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला. "ही संहिता कधीची?"

"सर, मूळ कायदा एकोणीसशे तीसचा, सर."

"मग? पाच वर्षांचा नियम सांगितला होता ना?"

"पण सर, आजही कोर्टात हाच चालतो, सर."

"कोर्टात चालतो गं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "प्रबंधात चालत नाही."

प्रबंध गेला खड्ड्यात, असं मी मनात म्हटलं, तोंडाने "येस, सर" म्हटलं, आणि पुस्तक शर्टात खोचून थेट अॅटर्नी लिझेलकडे गेले. गरिबांसाठी सरकारने नेमलेली ही वकील, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिच्या टेबलावरच्या फायलींमुळे टेबल दिसत नव्हतं. मानोंगचं नाव तिला आठवेना. कोंबडा म्हटल्यावर आठवलं.

तिने ते पान वाचलं, फाईल काढली, बोटांवर महिने मोजले आणि कपाळाला हात लावला. "अगं, हा माणूस केव्हाच बाहेर हवा होता."

"म्हणजे सुटेल?"

"अर्ज आजच टाकते. पण फिस्कलला समोर बसवूनच न्यायाधीश ऐकतील. ते आले तर एका मिनिटाचं काम आहे. नाही आले तर थेट नाताळानंतर. तुला माहितीये आपलं कोर्ट."

तारीख पडली. नेमकी आमच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी, दहा वाजता. परीक्षा पुढे ढकला म्हटलं असतं तर कर्नलसाहेबांनी वर्षच पुढे ढकललं असतं. शेवटी नानांग कोर्टात जाऊन बसेल आणि मी प्रबंध मांडेन असं ठरलं. निघताना नानांग म्हणाली, "तिथे मी काय करू? मला इंग्रजी येत नाही."

"काही करू नकोस. फिस्कल येतात का तेवढं बघ आणि मला कळव."

सकाळी खोलीत मी तक्ते लावत होते आणि आर्विन पातेली. बकऱ्याचं कालदेरेता, म्हणजे लालभडक रस्सा, त्याने स्वतः केलं होतं. झाकण उचललं की टोमॅटो, मिरी आणि चरबीचा असा वास यायचा की शेजारच्या वर्गातला तास बंद पडला. शेवया होत्या, भात होता, मॅमसाठी बिनसाखरेचा चहासुद्धा होता. कर्नलसाहेब आले, मॅम परपेतुआ आल्या. तिसरे परीक्षक बाहेरचे असतात आणि त्यांचं नाव आधी सांगत नाहीत, कुणी घरी जाऊन भेटवस्तू देऊ नये म्हणून.

साडेनऊनंतर दार उघडलं आणि एक गोलमटोल, हसतमुख गृहस्थ वास घेतच आत आले.

"हे आपले फिस्कल सिबायान," कर्नलसाहेब म्हणाले. "इतके व्यस्त असूनही आमच्या एकाही परीक्षेला नाही म्हणत नाहीत. या हंगामात तर रोजच येतात."

मी सलाम ठोकला. हात कपाळाशीच राहिला. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. नानांगचा निरोप होता: अजून आले नाहीत.

"सुरू कर, बाळ," फिस्कल खुर्चीत बसत म्हणाले. नजर पातेल्याकडे होती. "विषय काय तुझा?"

"सर, तारखा का पडतात, सर."

"वा. का पडतात?"

पुढचं वाक्य गिळलं असतं तर मी त्या दिवशी पास झाले असते. पण पिवळा शर्ट डोळ्यांपुढून जाईना.

"सर, फिस्कल येत नाहीत म्हणून, सर."

कर्नलसाहेबांचा चेहरा कालदेरेताच्या रंगाचा झाला. "दुमलाओ! याला आधार काय?"

"सर, आधार खुर्चीत बसलाय, सर. आत्ता दहा वाजता विल्मर दुमलाओच्या सुटकेच्या अर्जावर सुनावणी आहे. न्यायाधीश बसलेत, वकील आहे, माझी आई आहे. फक्त फिस्कल इतर सरकारी कामात आहेत."

फिस्कल रागावले नाहीत. तेच मला जास्त लागलं. ते खरोखर गोंधळले, तोंडावर अपराध नव्हता, आठवण्याची खटपट होती. "दुमलाओ... कोंबडा का? अगं, ते होईल की पुढच्या तारखेला. इतकं काय? मी कळवलंय त्यांना, इकडे आहे म्हणून."

"पुढची तारीख नाताळानंतर आहे, सर. शिक्षा सहा महिन्यांची आहे. तो वर्षाहून जास्त आत आहे, सर."

"हो?" ते म्हणाले. "असं कसं?"

"असंच, सर."

कर्नलसाहेब मॅमकडे बघत होते, मॅम चहाकडे. आणि मग माझ्या जोडीदाराने, ज्याने त्या प्रबंधातलं एक पानही वाचलं नव्हतं, पातेल्यावर झाकण घातलं, फडक्याने दोन्ही कान धरले आणि ते उचललं.

"तोलेंतिनो, कुठे निघालास?" कर्नलसाहेब ओरडले.

"सर, कोर्टात, सर! फिस्कलसाहेबांचं जेवण तिथेच वाढतो, सर. मैदान ओलांडलं की झालं. गार होण्याआधी पोचतो, सर!"

तो निघालाच. फिस्कलनी पातेल्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे मात्र नाही पाहिलं, आणि उठले. "चला, एका मिनिटाचं तर काम आहे," असं जणू त्यांनाच सुचल्यासारखं म्हणाले. आम्ही भर मैदानातून गेलो: पुढे आर्विन आणि पातेलं, मागे सरकारी वकील, त्यांच्या मागे गणवेशातली मी. चर्चबाहेरच्या मेणबत्तीवाल्या बायका उठून बघायला लागल्या.

फिस्कलना दारात बघून न्यायाधीशांनी चष्मा पुसला. अर्ज वाचला गेला. "सरकारची हरकत?"

"हरकत नाही," फिस्कल सिबायान म्हणाले.

संपलं. तेवढंच होतं. दोन शब्द होते, आणि ते ऐकायला माझ्या भावाने दोन पावसाळे आत काढले होते. नानांग माझा हात धरून रडायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या मऊ, हसऱ्या माणसाचं नरडं धरावंसं वाटलं. तो बाहेर बाकावर बसून आर्विनला म्हणत होता, "मिरची थोडी कमी हवी होती, पण मांस छान शिजलंय."

दुसऱ्या दिवशी मानोंग घरी आला. आणि तिसऱ्या दिवशी परीक्षकांचा शेरा आला, कर्नलसाहेबांच्या टपोऱ्या अक्षरात. नापास केलं नव्हतं. फिस्कलनी म्हणे माझ्या धीटपणाचं कौतुक केलं. फक्त दुरुस्त्या होत्या. ओहायोचा शेरीफ ठेवावा. बर्फातले ठसे ठेवावेत. पाच वर्षांपेक्षा जुनं कलम काढावं. फिस्कलच्या गैरहजेरीविषयीची विधानं आधाराअभावी वगळावीत, तसेच कैद्यांची सर्व उदाहरणं, विशेषतः पहिलं, कारण ते संशोधिकेच्या नात्यातलं आहे. सोमवारपर्यंत केलं तर पदवी.

मी जेवणाच्या टेबलावर उसना लॅपटॉप घेऊन बसले. मानोंग समोर भात खात होता. घरी आल्यापासून तो सारखा भात खात होता, आणि दाराकडे पाठ करून बसायला तयार नव्हता.

"काय चाललंय तुझं मघापासून?"

"खोडतेय."

"काय?"

"तुला."

तो उठून माझ्यामागे आला. त्याने स्वतःची ओळ वाचली, नाव, कोंबडा, महिने सगळं. त्याला हसू आलं. "खोड की. मी काय, आलोय बाहेर." मग त्याचं बोट खालच्या ओळीवर गेलं आणि तिथेच थांबलं. "याला नको खोडू. बेनी अजून आत आहे."

बेनीची ओळ पुढचीच होती. मी लॅपटॉप मिटला.

"बेनीची तारीख कधी आहे?"

"सोळाला पडलीये म्हणे. का गं?"

"त्या दिवशी फिस्कल कुठे जेवणार आहेत, ते शोधून काढायचंय."